निजेला धोंडा : झोपेच्या इतिहासातील काही पाने



‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. खरी भूक असली की कोंडाही गोड लागतो आणि खरी झोप आली की उशाला धोंडाही चालतो. मग दिवसभर राबलेला माणूस मऊ गादीवर पडूनही रात्रभर कूस का बदलत राहतो? म्हण खोटी आहे काय? खोटी नाही, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली अर्धी आपण इतिहासाला विचारू.

आधी आपल्या घरचे पाहू. चरकसंहिता हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्यकग्रंथ. शरीराला तोलून धरणारे तीन टेकू त्यात सांगितले आहेत : आहार, स्वप्न आणि ब्रह्मचर्य. येथे ‘स्वप्न’ म्हणजे झोपेत दिसते ते चित्र नव्हे बरे का. स्वप्न म्हणजे झोपच. अन्नाच्या पंक्तीला झोपेचे पान मांडले, ते काही उगीच नाही. पुढे याच ग्रंथात, गेलेली झोप परत आणण्याचे उपाय येतात : अंगाला तेल चोळणे, स्नान, हातपाय चेपणे, दूध, दहीभात, मनाचे स्वास्थ्य, कानाला गोड वाटणारे सूर, सुखाचे अंथरूण आणि योग्य वेळ. म्हशीच्या दुधाला तर झोप आणणाऱ्या पदार्थांत पहिला मान दिला आहे. झोप कशाने मोडते तेही सांगितले आहे : चिंता, राग, भय, धूर, उपवास. या यादीचा रोख एकच दिसतो. झोपेवर हुकूम चालत नाही; तिला जागा करून द्यावी लागते.

माणसाने हुकूम चालवून पाहिला नाही असे मात्र नाही. 1903 साली जर्मनीत फिशर आणि फॉन मेरिंग या दोघा शास्त्रज्ञांनी व्हेरोनल नावाचे झोपेचे औषध पुढे आणले. ते लवकरच युरोपभर खपू लागले. परंतु या जातीच्या औषधांची सवय जडते आणि मात्रा चुकली तर प्राणावर बेतते, हे पुढे लोकांना फार महागात पडून कळले.

आता म्हणीच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे वळू. 1729 साली दे मेरां नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. दिवसा पाने उघडणारे व रात्री मिटणारे एक रोप त्याने अंधारात ठेवले. ऊन मिळत नसतानाही रोप आपल्या वेळेला पाने उघडी आणि वेळेला मिटी! म्हणजे घड्याळ बाहेर नव्हते, रोपाच्या आतच होते. असे घड्याळ माणसातही आहे. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते, ते माशीवरील प्रयोगांतून उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तात्पर्य काय, तर झोपेला दोन गोष्टी लागतात. एक, दिवसभराच्या जागरणाने साठत जाणारी झोपेची ओढ. हाच म्हणीतला धोंडा. दुसरी, आतल्या घड्याळाची वेळ. हे घड्याळ प्रामुख्याने उजेडावर लावले जाते. 1879 साली एडिसनने टिकाऊ विजेचा दिवा दाखविला आणि पुढे घरोघरी रात्र उजळली. आज तर तो उजेड मोबाईलच्या रूपाने थेट अंथरुणात शिरला आहे.

विजेच्या दिव्यावाचून राहणारी माणसे कशी झोपतात? टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हिया या देशांतील तीन समाजांचा असा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. ती माणसे दिवेलागणीला झोपत नाहीत. सूर्यास्तानंतर सुमारे तीन तासांनी, हवा गार होत असता झोपतात. प्रत्यक्ष झोप सरासरी सहा-सात तास. आणि त्यांतील दोन समाजांच्या भाषेत निद्रानाशाला शब्दच सापडला नाही! तेव्हा आठ तास भरले नाहीत म्हणून जिवाला घोर लावून घेऊ नका. तो घोरच झोप उडवतो.

गारव्याचे हे सूत्र आपल्या आज्यांनाही ठाऊक होते म्हणाना. त्या निजताना काशाच्या वाटीने तळपाय घासून देत. तळपाय उबदार झाले की रक्त कातडीकडे धावते, आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते; पाय उबदार असले की झोप लवकर येते हे 1999 साली स्विस संशोधकांनीही दाखविले. निजण्याआधी तासा-दोन तासांनी कढत पाण्याने केलेली आंघोळ हेच काम करते.

मग करावे काय? सकाळी उन्हात जावे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. दुपारनंतरचा चहा सोडावा, कारण चहा झोपेची ओढ झाकून टाकतो. रात्री दिवे मंद करावे, मोबाईल दूर ठेवावा. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसावे आणि डोळे जडावले की पुन्हा निजावे.

शेतीपंपाची वीज रात्री येते म्हणून दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला हे सारे कसे जमावे? त्याची झोप त्याच्या आळसाने जात नाही, विजेच्या वेळापत्रकाने जाते. घरच्यांनी निदान दुसऱ्या दिवशी त्याला अंधारी, शांत खोली द्यावी. शिक्षकांनीही परीक्षेच्या दिवसांत मुलांना रात्र-रात्र जागवू नये. वाचलेले झोपेतच पक्के होते.

आणि एवढे करूनही महिनोन्महिने झोप येत नसेल, किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर दुकानातून परस्पर गोळी आणू नका. डॉक्टरांना दाखवा.