फुकटची पिशवी

प्लास्टिकच्या पातळ नळीचा एक तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांना गरम डाग देऊन तो बंद करायचा आणि वरच्या बाजूचा मधला भाग कापून काढायचा. दोन्ही बाजूंना जे कान उरतात तेच पिशवीचे बंद. शिलाई नाही, डिंक नाही, वेगळं हँडल जोडायची भानगड नाही. स्टेन गुस्ताफ थुलिन या स्वीडिश अभियंत्यानं ही रचना सेलोप्लास्ट नावाच्या कंपनीसाठी बसवली आणि 1965 मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळालं. आज भाईंदर स्टेशनबाहेर संध्याकाळी भाजीवाला जिच्यात पाव किलो मिरच्या टाकून देतो, ती हीच पिशवी. मुंबईच्या घाऊक बाजारात तिला झबला म्हणतात.

थुलिन यांच्या मुलानं बीबीसीला सांगितलेली एक आठवण या कुळकथेत महत्त्वाची आहे. वडिलांच्या खिशात घडी केलेली प्लास्टिकची पिशवी नेहमी असायची आणि ती ते पुन्हा पुन्हा वापरायचे. कागदी पिशव्यांसाठी झाडं तुटतात, कागद भिजला की फाटतो, त्यापेक्षा ही टिकेल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे ही वस्तू टिकावी म्हणूनच जन्माला आली. आज आपण तिच्यावर जो आरोप करतो, की ती नष्टच होत नाही, तो तिच्या कर्त्याच्या लेखी तिचा गुण होता.

ज्या पदार्थाची ती बनते त्याची गोष्ट आणखी जुनी. हान्स फॉन पेखमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला 1898 मध्ये दुसऱ्याच प्रयोगात एक मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला, पण त्याचं करायचं काय हे कुणाला सुचलं नाही. 1933 मध्ये इंग्लंडमध्ये, आयसीआय कंपनीच्या नॉर्थविचच्या प्रयोगशाळेत, रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट प्रचंड दाबाखाली एथिलीनवर प्रयोग करत होते, तेव्हा तो पुन्हा हाती लागला. दुसऱ्या महायुद्धात हे पॉलिथिलीन रडारच्या केबलींवर आवरण म्हणून गेलं. मग 1953 मध्ये कार्ल त्सीग्लर यांनी कमी दाबावर पॉलिथिलीन बनवायची रीत शोधली. या रितीत रेणूंच्या साखळ्या सरळ राहतात, फांद्या फारशा फुटत नाहीत, त्यामुळे त्या एकमेकींना चिकटून दाट बसतात. हातात घेतल्यावर कुरकुर वाजणारी, दिसायला कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ आणि तरी दोन किलो बटाटे पेलणारी पिशवी शक्य झाली ती या दाट पॉलिथिलीनमुळे.

भारतात हे दाट पॉलिथिलीन प्रथम बनलं ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजचा कारखाना जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीच्या सहकार्यानं 1968 मध्ये सुरू झाला. तेव्हा त्यातून बादल्या, डबे, पाइप अशा वर्षानुवर्षं टिकणाऱ्या वस्तू निघत. घराघरात प्लास्टिक आलं ते असं, जपून वापरायची चीज म्हणून. डब्याचं झाकण तुटलं तरी डबा फेकला जात नसे.

त्या काळात बाजाराला जाणारा माणूस पिशवी घरून घेऊन निघायचा. मांजरपाटाची, नाहीतर जुन्या पँटीच्या कापडाची घरी शिवलेली. मासळीची वेगळी आणि ती दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलेली. वाणी डाळ-साखर रद्दीच्या पुड्यात बांधून द्यायचा. रद्दीच्या पिशव्या घरोघरी बायका खळ लावून चिकटवायच्या आणि शेकड्यावर पैसे घ्यायच्या. फुलं पानात बांधून यायची. ओझं कशातून न्यायचं ही काळजी गिऱ्हाइकाची होती, दुकानदाराची नव्हती.

ही काळजी दुकानदाराकडे कधी गेली याचं उत्तर शोधायला मीरा-भाईंदरइतकी चांगली जागा नाही. कारण हे शहर आणि इथल्या बाजारातली ही पिशवी जवळपास एकाच वयाची आहेत. 1985 पर्यंत इथे ग्रामपंचायती होत्या. मिठागरं, भातशेती आणि उत्तनकडे मासेमारी. त्या वर्षी नगरपालिका झाली आणि 2002 मध्ये महापालिका. 1991 च्या जनगणनेत वस्ती पावणेदोन लाख होती, 2001 मध्ये ती सव्वापाच लाखांच्या आसपास गेली आणि 2011 मध्ये आठ लाख ओलांडून गेली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेली ही माणसं सकाळी विरार लोकलनं दक्षिणेला जातात आणि रात्री परत येतात. बाजार होतो तो परतीच्या वाटेवर, स्टेशनच्या जिन्याखाली. चर्चगेटला कामावर जाताना कोण हातात भाजीची पिशवी घेऊन निघणार? आणि त्या गर्दीत घेतलेल्या वस्तू तरी कशा, तर अर्ध्याअधिक ओल्या: कोळंबी, दही, इडलीचं पीठ, पाण्यानं निथळणारी पालेभाजी. वर चार महिने पाऊस. अशा माणसाला न भिजणारी, न गळणारी पिशवी मिळाली तर तो ती घेणारच, आणि त्यात मला त्याचा दोष दिसत नाही.

घात झाला तो दुसरीकडे. पिशवी फुकट द्यायची तर ती स्वस्त हवी, स्वस्त हवी तर पातळ हवी. कारखान्यात पॉलिथिलीनचे दाणे वितळवून गोल साच्यातून वर खेचतात आणि आत हवा भरतात. छताकडे जाणारा तो उंच फुगा जितका ताणावा तितकी फिल्म पातळ होते, आणि तेवढ्याच दाण्यात जास्त पिशव्या निघतात. हिशेब करून पाहा. 8 बाय 12 इंचांची, 20 मायक्रॉन जाडीची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी पातळ पिशवी वजनाला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरते. भंगारात एक किलो घालायचं तर अशा चारशेहून जास्त पिशव्या वेचाव्या लागतील, त्याही चिखलानं आणि खरकट्यानं माखलेल्या. कचरा वेचणारी बाई दिवसभर उन्हात वाकून हे का करील? ती बाटली उचलते, पुठ्ठा उचलते, पत्रा उचलते आणि झबला तिथेच सोडते.

याच्या शेजारी दुधाची पिशवी ठेवून बघावी. तीही पॉलिथिलीनचीच. पण ती जाड असते, स्वच्छ असते आणि रद्दीवाला तिचे पैसे देतो. म्हणून कितीतरी घरांत ती धुऊन ओट्यामागच्या लाद्यांवर चिकटवून वाळवतात, गठ्ठा करून ठेवतात. गटारात दुधाच्या अख्ख्या पिशव्या क्वचित दिसतात. पदार्थ एकच, वागणूक दोन. फरक एवढाच की एकीला किंमत आहे.

किंमत नसलेल्या पिशवीचा पुढचा प्रवास या शहरात फार लवकर संपतो, कारण पाणी सगळीकडे जवळ आहे. उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला गोराई-मनोरीची, पश्चिमेला समुद्र, आणि मधली बरीच जमीन मिठागरांची, म्हणजे सखल. नाले भरतीच्या वेळी तुंबतात आणि ओहोटीला खाडीत रिकामे होतात. खाडीच्या काठाला तिवरं आहेत. तिवराची मुळं चिखलातून बोटबोट वर आलेली असतात, कारण त्या चिखलात हवा नसते आणि झाड श्वास घेतं ते या मुळांतून. पिशव्या अडकतात त्या नेमक्या तिथे. भरतीला मुळांवर चढलेली पिशवी ओहोटीनंतर गाळाखाली दबते आणि मुळाभोवती आवळून बसते. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या किनाऱ्यावर केलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या तिवरांची मुळं प्लास्टिकनं पूर्ण झाकली गेली, त्यांची पानं गळाली आणि झाडं मरू लागली, असं त्यात दिसलं.

उरलेलं समुद्राकडे जातं आणि उत्तन, चौक, पातानच्या कोळ्यांच्या डोलीत येतं. डोल हे पिशवीसारखंच जाळं. तोंड रुंद, शेपूट निमुळतं आणि तिथली वीण अगदी बारीक. ते समुद्रात एका जागी रोवून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी आत आणतो. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा अशी छोटी मासळी मिळते ती यामुळेच. पण प्रवाह जे आणील ते डोलीत शिरतं, निवड करता येत नाही. पॉलिथिलीन पाण्याहून हलकं. रिकामी पिशवी तरंगते, थोडा गाळ आत गेला की मधल्या पाण्यात लोंबकळत राहते आणि प्रवाहाबरोबर थेट जाळ्यात. बारीक विणीवर चार पिशव्या बसल्या की पाणी पार होत नाही, जाळ्यावर ताण येतो, बोंबील चेंगरतो. मग बोटीवर मासळी निवडताना आधी प्लास्टिक वेचायचं. वलांडीवर वाळत घालायचा बोंबील अखंड असेल तरच त्याला भाव, आणि वेचणीत गेलेल्या तासांचे पैसे कोणीच देत नाही. हे सगळं प्लास्टिक मीरा-भाईंदरचंच असतं असंही नाही. वसईच्या खाडीत उल्हास नदीचं पाणी येतं, त्यासोबत कल्याण, भिवंडी, ठाण्याचाही कचरा वाहत येतो. पण शहराचा गोळा केलेला कचरासुद्धा पुन्हा उत्तनच्याच वाट्याला आला. धावगी डोंगरावर त्याचे ढीग लागले, ते पेटत राहिले, त्यातून झिरपणारं काळं पाणी खालच्या शेतीत उतरत असल्याची तक्रार गावकरी वर्षानुवर्षं करत आहेत. समुद्रातूनही प्लास्टिक आणि डोंगरावरूनही प्लास्टिक, अशी या गावांची कोंडी आहे, आणि ती पाहून राग आल्याशिवाय राहत नाही.

सरकारनं या पिशवीकडे पाहिलं ते मुख्यतः मायक्रॉनमध्ये. 1999 च्या केंद्राच्या नियमांनी किमान जाडी 20 मायक्रॉन ठरवली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या गटारांतल्या पिशव्या सगळ्यांना दिसल्या. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पुढे मिठी नदीवरची अतिक्रमणं, अपुरे जुने नाले अशी अनेक कारणं मांडली, पण लोकांच्या मनात दोषी ठरली ती पिशवी. 2006 मध्ये महाराष्ट्रानं किमान जाडी 50 मायक्रॉन केली. केंद्रानं 2011 मध्ये 40, 2016 मध्ये 50 आणि डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन केली. 23 मार्च 2018 ला महाराष्ट्रानं कॅरीबॅगवर सरसकट बंदी घातली: पहिल्यांदा सापडलं तर 5000 रुपये दंड, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने कैद. काही महिने भाजीवाले घाबरून होते, गिऱ्हाइकं कापडी पिशव्या शोधत होती. मग झबला हळूहळू परत आला, गाडीखालच्या खोक्यातून निघू लागला. जाडी डोळ्यांनी मोजता येत नाही, आणि पाच रुपयांची कोथिंबीर विकणाऱ्याकडून पाच हजार वसूल करणं कोणत्याही अधिकाऱ्याला रोज जमणारं नाही.

मायक्रॉनच्या या रांगेत दोन तरतुदी अशा होत्या, ज्यांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवलं होतं. 2011 च्या नियमांनी दुकानदारानं पिशवी फुकट देऊ नये असं म्हटलं. 2016 च्या नियमांनी पुढे जाऊन सांगितलं की ज्याला प्लास्टिकची पिशवी द्यायची आहे त्यानं स्थानिक संस्थेकडे नोंदणी करावी आणि महिन्याला किमान 4000, वर्षाला 48,000 रुपये भरावेत. त्या पैशातून कचऱ्याची व्यवस्था व्हावी. मार्च 2018 मध्ये केंद्रानं हा नियमच काढून टाकला. महाराष्ट्राच्या त्याच वर्षीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे परताव्याची तरतूद होती, तीही व्यवहारात रुळली नाही. आयर्लंडनं 2002 मध्ये प्रत्येक पिशवीमागे 15 सेंट लावले आणि वापर सुमारे 90 टक्क्यांनी घसरला. तिथे पिशवीवर बंदी नव्हती, तिला फक्त पुन्हा किंमत आली होती.

फुकटच्या पिशवीनं आपल्या एका जुन्या रिवाजाचं काय केलं, हे भाईंदर आणि नायगावच्या मधल्या रेल्वेपुलावर दिसतं. देवाला वाहिलेली फुलं वाहत्या पाण्यात सोडायची ही रीत. पूर्वी काठावर जाऊन पान उघडायचं आणि फुलं पाण्यावर सोडायची. आता फुलं घरी येतात ती झबल्यात, त्याच झबल्यात साचतात, नारळासकट गाठ मारून दप्तराबरोबर डब्यात चढतात आणि गाडी खाडीवर आली की दारातून फेकली जातात. गाठ बांधलेली असल्यामुळे फुलं पाण्याला मिळतच नाहीत, ती आत सडतात. आणि पुलाखाली माणसं आहेत. खाडीच्या मधोमध पाणजू बेट आहे, होडी नसेल तेव्हा तिथले रहिवासी पुलाच्या कडेनं चालत जातात. फेकलेल्या निर्माल्यानं त्यांच्यातले कितीतरी जखमी झाले आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या एका तरुणाला गाडीतून फेकलेला नारळ लागला आणि त्याचा जीव गेला.

निर्माल्य कलश गणपतीत घाटांवर ठेवतात, ते बारा महिने भाईंदर आणि नायगावच्या फलाटांवर हवेत. कलशातल्या फुलांचं खत करायचं तर प्रत्येक पिशवीची गाठ हातानं सोडावी लागते, फुलं वेगळी, नारळ वेगळा, प्लास्टिक वेगळं. त्यासाठी माणूस लागेल आणि त्याला पगार लागेल. एका दुकानदाराचे महिन्याचे 4000 रुपये याच कामासाठी होते. ती तरतूद केंद्रानं परत आणावी, आणि तोवर महापालिकेनं हा पगार स्वतःच्या तिजोरीतून द्यावा.