ज्योचे लग्न : ‘लिटल विमेन’, बोस्टनमधील स्त्रियांचे सहजीवन आणि एका वाचनाचा इतिहास

नायक किंवा नायिकेच्या बालपणापासून प्रौढत्वापर्यंतचा प्रवास हाच जिचा विषय असतो, त्या कादंबरीला युरोपीय समीक्षेत घडणीची कादंबरी म्हटले जाते आणि योहान वोल्फगांग फॉन गटे यांची १७९५-९६ मधील ‘विल्हेल्म माइस्टर’ ही तिचा आदर्श नमुना मानली जाते. या प्रकारातील नायक घर सोडतो, चुकतमाकत जग पाहतो, स्वतःचा व्यवसाय शोधतो आणि अखेरीस समाजात आपली जागा मिळवतो. नायिकेच्या बाबतीत मात्र एकोणिसाव्या शतकातील कादंबरीने ही जागा जवळजवळ नेहमीच लग्नाच्या रूपाने दिली, त्यामुळे तिचे मोठे होणे आणि तिचे लग्न होणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे वाचकही गृहीत धरू लागला. लुइझा मे अल्कॉट यांची ‘लिटल विमेन’ ही कादंबरी मराठी वाचकांना शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे परिचित आहे. या गृहीतकाची घडण आणि त्यामागचा दबाव या कादंबरीत जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसतो, आणि म्हणूनच तिच्या क्विअर वाचनाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

येथे ‘क्विअर वाचन’ म्हणजे एखाद्या पात्राला किंवा लेखकाला आजच्या ओळखीचे एखादे नाव चिकटवणे नव्हे. स्त्री-पुरुषांचे लग्न ही माणसाच्या आयुष्याची नैसर्गिक आणि एकमेव दिशा आहे, ही समजूत बाजूला ठेवून संहिता पुन्हा वाचणे, पात्रांच्या आसक्ती, वेश, भूमिका आणि नकार यांकडे त्या समजुतीच्या चौकटीबाहेरून पाहणे, आणि ती चौकट संहितेवर कोणी व कशी बसवली याचा शोध घेणे, असा या पद्धतीचा अर्थ आहे. हा शोध ‘लिटल विमेन’च्या बाबतीत पुस्तकाच्या आत जितका घ्यावा लागतो, तितकाच त्याच्या प्रकाशनव्यवहारात आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील तत्कालीन समाजरीतीतही घ्यावा लागतो.

अल्कॉट यांचा जन्म १८३२ चा. वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे इमर्सन आणि थोरो यांच्या वर्तुळातील तत्त्वचिंतक होते, परंतु त्यांच्या विचारांवर घर चालत नसल्याने लुइझा यांनी तरुणपणापासून शिवणकाम, शिकवणी, घरकाम आणि लेखन करून कुटुंबाचा भार उचलला. यादवी युद्धाच्या काळात त्या जॉर्जटाउन येथील लष्करी रुग्णालयात परिचारिका म्हणून गेल्या आणि विषमज्वराने आजारी होऊन परतल्या. पुढे बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेतील टॉमस नाइल्स यांनी त्यांच्याकडे मुलींसाठी पुस्तक मागितले. अशा लेखनाची आवड नसतानाही अल्कॉट यांनी कॉन्कॉर्ड येथील घरात ते लिहून काढले, आणि १८६८ च्या शरदात पहिला भाग प्रसिद्ध होऊन त्याच्या दोन हजार प्रतींची पहिली आवृत्ती अल्पावधीत संपली.

कादंबरीतील चार बहिणींपैकी लेखिका होऊ पाहणारी ज्यो ही तिची नायिका, पण हा पहिला भाग तिच्या लग्नाने संपत नाही. थोरली बहीण मेग हिचे लग्न ठरते आणि ज्यो अविवाहितच राहते. दुसऱ्या भागाचे लेखन सुरू झाले तेव्हा तरुण वाचकांच्या पत्रांतून या मुली कोणाशी लग्न करणार, हा एकच प्रश्न येऊ लागला. स्त्रीच्या आयुष्याचे जणू तेवढेच ध्येय असावे, असा हा प्रश्न अल्कॉट यांना खटकला आणि कोणालाही खूश करण्यासाठी आपण ज्योचे लग्न तिचा शेजारी व मित्र लॉरी याच्याशी लावणार नाही, असे त्यांनी नोव्हेंबर १८६८ च्या रोजनिशीत नोंदवले. दुसरा भाग १८६९ मध्ये आला. त्याच वर्षी एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी खुलासा केला, की ज्योने खरे तर लेखन करणारी अविवाहित स्त्री म्हणूनच राहायला हवे होते, पण तिचे कोणाशी तरी लग्न व्हावे या मागणीचा जोर एवढा होता, की नकार देण्याचे धाडस न झाल्याने त्यांनी हट्टाने तिच्यासाठी एक विजोड वाटेल असा नवरा निवडला. मध्यमवयीन जर्मन प्राध्यापक बेअर कादंबरीत येतात, ते या तडजोडीतून. म्हणजे ज्योचा विवाह हा तिच्या घडणीतून आपोआप निघालेला शेवट नाही, तर लेखिका, प्रकाशक आणि वाचकवर्ग यांच्यातील देवाणघेवाणीचा तो परिणाम आहे, आणि हे सांगणारा पुरावा खुद्द लेखिकेच्या हातचा आहे.

संहितेकडे वळले, की या तडजोडीचे सांधे ठिकठिकाणी दिसू लागतात. पहिल्याच प्रकरणात ज्यो आपण मुलगा नाही याची खंत करते, शीळ घालते, आणि वडील युद्धावर असताना घरातला पुरुष आपणच आहोत असे सांगते. घरच्या नाटकांत पुरुषांच्या भूमिका तिच्याकडे असतात. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’वरून चौघी बहिणी जे मंडळ चालवतात, त्यात त्या सगळ्याच पुरुषांची नावे घेऊन वावरतात. शेजारच्या लॉरीला मूळ नावावरून शाळेतली मुले बायकी नावाने चिडवत असत, म्हणून त्याने हे नाव घेतलेले असते. म्हणजे पुरुषी वळणाची मुलगी आणि मुलीच्या नावाने हिणवला गेलेला मुलगा यांची ही मैत्री आहे. आपण मुलगा असतो तर लॉरीसोबत पळून गेलो असतो, असे ज्यो म्हणते, तेव्हा तिला हवे असते ते दोन मुलांचे सोबतीचे स्वातंत्र्य, आणि लॉरीने प्रेयसी म्हणून मागणी घालताच ती नकार देते. मेगचे लग्न ठरू लागताच मात्र तिचा शोक अनावर होतो आणि बहीण घरातच राहावी म्हणून आपल्यालाच तिच्याशी लग्न करता आले असते तर बरे झाले असते, असे ती बोलून जाते. या वाक्याचा अर्थ लैंगिक आसक्ती असाच घेण्याचे कारण नाही, परंतु ज्योच्या कल्पनेतील सुखी घर हे स्त्रियांचे घर आहे आणि लग्न ही त्या घराची फाटाफूट आहे, ही गोष्ट त्यातून निःसंदिग्धपणे पुढे येते.

असे घर ही तेव्हाच्या न्यू इंग्लंडमध्ये केवळ कल्पना नव्हती. एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गीय अमेरिकन समाजात स्त्रियांमधील उत्कट मैत्रीला प्रतिष्ठा होती. मैत्रिणी एकमेकींना प्रेमपत्रांच्या भाषेत लिहीत, एका शय्येवर झोपत, विरहाने व्याकूळ होत, आणि कुटुंबांना त्यात वावगे वाटत नसे. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५५ च्या कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतंत्र मालमत्तेचा हक्क मिळाला, व्हासर, वेल्स्ली आणि स्मिथ ही स्त्रियांची महाविद्यालये १८६५ ते १८७५ या दशकात सुरू झाली, आणि लेखन, अध्यापन, शिल्पकला, रंगभूमी अशा क्षेत्रांत काही स्त्रिया स्वतःच्या कमाईवर जगू लागल्या. या बदलांमुळे दोन सुशिक्षित, स्वावलंबी स्त्रियांनी पुरुषाच्या आधाराविना कायमचा एकत्र संसार करण्याची रीत रुजली आणि ती पुढे ‘बोस्टन मॅरेज’ या नावाने ओळखली गेली. अशा जोड्यांतील शारीरिक संबंधांविषयी पुरावा बहुधा उपलब्ध नसतो, परंतु निष्ठा, सहवास, समाईक खर्च आणि समाजाची मान्यता या चारही अंगांनी तो संसारच होता. मूळच्या बोस्टनच्या अभिनेत्री शार्लट कुशमन आणि शिल्पकार एमा स्टेबिन्स यांचे रोममधील सहजीवन हे याचे ठळक उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील प्रसिद्ध कारंज्यावरील देवदूताची मूर्ती याच स्टेबिन्स यांनी घडवली.

अल्कॉट यांचा या रीतीशी संबंध दुरून आलेला नव्हता. १८६२ मध्ये त्या बोस्टनच्या चार्ल्स स्ट्रीटवरील प्रकाशक जेम्स फील्ड्स आणि त्यांच्या पत्नी ॲनी यांच्या घरी काही काळ राहिल्या होत्या, आणि अल्कॉट यांनी लेखन सोडून शिकवण्याचेच काम धरावे, असा सल्ला याच फील्ड्स यांनी त्यांना दिला होता. १८८१ मध्ये फील्ड्स वारल्यानंतर ॲनी यांनी कथालेखिका सॅरा ऑर्न ज्युएट यांच्यासोबत आपले उर्वरित आयुष्य जोडून घेतले, आणि १९०९ मध्ये ज्युएट यांचे निधन होईपर्यंत टिकलेला हा संसार ‘बोस्टन मॅरेज’चा सर्वाधिक अभ्यासला गेलेला नमुना ठरला. हेन्री जेम्स यांनी १८८६ च्या ‘द बोस्टोनियन्स’मध्ये स्त्रियांच्या अशा मैत्रीलाच कादंबरीचा विषय केले.

‘लिटल विमेन’मध्ये जे लिहिता आले नाही, ते अल्कॉट यांनी अन्यत्र लिहून ठेवले. १८६८ मध्येच त्यांनी वृत्तपत्रासाठी सुखी अविवाहित स्त्रियांवर एक लेख लिहिला. १८७० च्या ‘ॲन ओल्ड-फॅशन्ड गर्ल’मध्ये एका शिल्पकार आणि एका उत्कीर्णकार तरुणीचे सामाईक बिऱ्हाड येते. ताटवाट्यांची चणचण असलेल्या त्या कार्यशाळावजा खोलीचे वर्णन लेखिकेने आदराने केले आहे, आणि दोघींपैकी एकीचे लग्न होणार असले तरी ही सोबत मोडणार नाही, असेही तेथे सांगितले आहे. ज्योने पुढे काढलेल्या शाळेत वाढलेली दांडगट नॅन १८८६ च्या ‘जोज बॉइज’मध्ये डॉक्टर होते, मागणी घालणाऱ्याला नकार देते आणि शेवटपर्यंत आनंदाने अविवाहित राहते. ज्योला नाकारलेला शेवट सतरा वर्षांनी नॅनला मिळाला, असा याचा अर्थ लावणे सयुक्तिक ठरते.

लेखिकेच्या स्वतःविषयीच्या नोंदी अधिक गुंतागुंतीच्या आहेत. घरात त्यांना ‘लू’ म्हणत, आणि पुरुषासारखे जगण्याची ओढ त्यांच्या रोजनिशीत वारंवार येते. १८८३ च्या सुमारास लेखिका लुइझ चँडलर मोल्टन यांच्याशी बोलताना त्यांनी सांगितले, की निसर्गाच्या लहरीने स्त्रीच्या देहात पुरुषाचा आत्मा घातला गेला असावा असे आपल्याला अर्धेअधिक पटते, कारण आपण आयुष्यात अनेक मुलींच्या प्रेमात पडलो, पुरुषाच्या मात्र कधीच नाही. याउलट १८६५ मध्ये युरोपात भेटलेल्या एका पोलिश तरुणाशी जुळलेल्या छोट्याशा प्रेमप्रकरणाची खोडलेली नोंदही त्यांच्या रोजनिशीत आहे, आणि लॉरीच्या घडणीत त्या तरुणाचा वाटा आहे. जर्मन कायदेपंडित कार्ल हाइनरिख उलरिक्स हे १८६४ पासून पुरुषदेहातील स्त्रीआत्म्याचा सिद्धान्त मांडत होते, आणि समलैंगिकतेसाठीची आधुनिक संज्ञा ‘लिटल विमेन’चा दुसरा भाग आला त्याच १८६९ मध्ये प्रथम छापली गेली. परंतु या वर्गवाऱ्या कॉन्कॉर्डच्या घरापर्यंत पोहोचल्या होत्या, असे समजण्याला आधार नाही. त्यामुळे अल्कॉट समलिंगी होत्या की आजच्या अर्थाने पारलिंगी पुरुष, या प्रश्नाचे एकाच शब्दात उत्तर देणे इतिहासाला शक्य नाही आणि त्याची गरजही नाही.

या वाचनाला विसाव्या शतकात जो पाया मिळाला, तो ग्रंथशोधकांच्या कष्टांचे फळ होता. लिओना रोस्टेनबर्ग यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयातील पत्रांच्या आधारे १९४३ मध्ये सिद्ध केले, की अल्कॉट यांनी ए. एम. बर्नार्ड या टोपणनावाने सूड, वेषांतर आणि धूर्त नायिकांच्या सनसनाटी कथा लिहिल्या होत्या. त्यांच्या सहकारी मॅडेलिन स्टर्न यांनी १९५० मध्ये चरित्र लिहिले आणि १९७५ मध्ये त्या कथा संपादित करून वाचकांपुढे आणल्या. या दोघींनी न्यूयॉर्कमध्ये दुर्मीळ ग्रंथांचा व्यवसाय आणि घर दोन्ही एकत्र चालवले. त्याच १९७५ मध्ये इतिहासकार कॅरोल स्मिथ-रोझेनबर्ग यांनी पत्रव्यवहारांच्या आधारे स्त्रियांच्या प्रेममय मैत्रीचे विश्व उलगडले. १९८० मध्ये ॲड्रिएन रिच यांनी स्त्री-पुरुष विवाह ही नैसर्गिक निवड नसून समाजाने सक्तीने लादलेली संस्था आहे अशी मांडणी केली, आणि १९८१ मध्ये लिलियन फेडरमन यांनी या मैत्रीचा विस्तृत इतिहास लिहिला. या साधनांमुळेच १९९० च्या दशकात ‘लिटल विमेन’चे क्विअर वाचन अभ्यासकांना करता आले. २०१९ मध्ये ग्रेटा गर्विग यांच्या चित्रपटाने ज्योच्या लग्नाला प्रकाशकाशी झालेल्या सौद्याचे रूप देऊन हा वाद सामान्य प्रेक्षकांपर्यंत नेला.

आजच्या कल्पना कालच्या पुस्तकावर लादल्या जात आहेत, असा आक्षेप या वाचनावर घेतला जातो आणि तो गांभीर्याने विचारात घ्यायला हवा. परंतु पुराव्याचा क्रम पाहता येथे उलटेच घडलेले दिसते. स्त्रियांचे सहजीवन ही त्या काळची प्रतिष्ठित रीत होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लैंगिकतेच्या वैद्यकीय शास्त्राने, विशेषतः हॅवलॉक एलिस यांच्या १८९७ मधील ग्रंथासारख्या लेखनाने, ती विकृतीच्या कोटीत नेली, आणि त्यानंतरच्या पिढ्यांना ज्योचे अविवाहित राहणे अकल्पनीय वाटू लागले. कादंबरीवर लादली गेलेली गोष्ट कोणती, असे विचारले तर उत्तर विवाह हेच येते. क्विअर वाचन ती लादणूक ओळखून पुस्तकाला त्याच्या काळातील अधिक भरगच्च समाजात परत ठेवते. त्याने बेअर यांच्या चांगुलपणाला किंवा मेगच्या संसारसुखाला बाध येत नाही, फक्त मोठे होण्याच्या अनेक वाटांपैकी त्या दोन वाटा ठरतात.

‘चौघीजणी’ वाचून मोठ्या झालेल्या अनेक मराठी वाचकांनी ज्योवर जीव लावला, तो तिच्या लेखनासाठी, फटकळपणासाठी आणि नकार देण्याच्या धैर्यासाठी. त्या वाचकांनी हे पुस्तक पुन्हा हाती घ्यावे आणि ज्योच्या लग्नाचे प्रकरण वाचताना लेखिकेने तिच्यासाठी मुळात वेगळे आयुष्य योजले होते, हे ध्यानात ठेवावे. ज्या अभ्यासक्रमांत आणि प्रस्तावनांत ज्योचा विवाह तिच्या परिपक्वतेची खूण म्हणून शिकवला जातो, तेथे अल्कॉट यांच्या १८६८ च्या रोजनिशीचा आणि १८६९ च्या पत्राचा उल्लेख झालाच पाहिजे, कारण त्यावाचून या कादंबरीचा इतिहास अपुरा राहतो.