अपघात कोणामुळे होतो? साखळी-करवतीचा इतिहास



हातात धरून चालवायची यांत्रिक करवत हा विषय तत्त्वज्ञानाच्या माणसानं निवडावा असा वाटत नाही. आपण तिला चेनसॉ म्हणतो. गावाकडे नुसतं ‘कटर’ म्हटलं तरी कळतं. पण तिच्या इतिहासात एक जुना प्रश्न आहे. अपघात झाला, तर तो कोणामुळे झाला?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधन, चेष्टा म्हणजे हालचाली, आणि दैव. अपघातानंतर आपण मात्र दोनच कारणं बोलतो. ‘त्याचं लक्ष नव्हतं’, म्हणजे कर्ता. नाहीतर ‘नशीब’, म्हणजे दैव. बाकीची तीन राहून जातात. ती माणसाच्या लक्षात कशी येत गेली, ते आज बघू.

साखळीला दात लावून कापण्याची कल्पना जंगलातली नाही, ती वैद्यकातली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस एटकेन आणि जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापायला छोटी, हातानं ओढायची साखळी वापरली. लाकडाकडे ती यायला बराच काळ गेला. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवरची आणि 1929 मध्ये पेट्रोलवरची करवत बनवली. ती इतकी जड, की दोन माणसं लागत. 1950च्या सुमारास एका माणसाला पेलतील अशी यंत्रं आली. काम झपाट्यानं वाढलं, पण धारही माणसाच्या अंगाशी आली.

आता यंत्र काय करतं ते बघा. साखळी सेकंदाला साधारण 20 मीटर वेगानं पळते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की दात क्षणभर अडकतात आणि तोच जोर उलटून पातं वर, चालवणाऱ्याच्या मानेकडे उसळतं. सेकंदाचा दहावा भाग गेला, तरी 2 मीटर साखळी फिरून गेलेली असते. आता सांगा, इथे ‘लक्ष ठेव’ या उपदेशाला काय अर्थ आहे? लक्ष टोक कुठे टेकतंय याकडे आधीच हवं. उसळल्यावर लक्ष देऊन उपयोग नाही.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला श्टील आणि स्वीडनच्या हुस्कवार्ना या कंपन्यांनी साखळीचा ब्रेक आणला. पुढच्या मुठीसमोर एक आडवी ढाल असते. यंत्र उसळलं, की मनगट तिच्यावर आपटतं आणि साखळी जागच्या जागी थांबते. ही कल्पना मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं मोलाची वाटते. इथे प्रथमच यंत्रानं गृहीत धरलं, की माणूस चुकणार. मात्र ब्रेक उसळी टाळत नाही, फक्त साखळी थांबवतो. म्हणून चेष्टा, म्हणजे हालचाली, सुटत नाहीत. दोन्ही हात मुठींवर, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवलेला. खांद्याच्या वर कापायचं नाही. आणि मान-डोकं पात्याच्या रेषेत आणायचं नाही.

दुसरी इजा सावकाश होते. अ‍ॅलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टरांनी 1918 मध्ये इंडियाना राज्यातल्या दगड घडवणाऱ्या कामगारांची बोटं हवेच्या हातोड्यानं पांढरी, बधिर पडतात हे नोंदवलं होतं. पुढे लाकूडतोड्यांमध्ये तेच दिसलं. 1960च्या दशकात मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये थरथर शोषून घेणारी रचना आली. ही सगळी सुधारणा ‘करणा’ची.

राहिलं अधिष्ठान. भाष्यकार त्याचा अर्थ शरीर असा करतात. मी तो थोडा ताणून, काम ज्या व्यवस्थेवर उभं राहतं ती, असा घेतो. स्वीडनमध्ये लाकूडतोड्यांना किती लाकूड पाडलं त्यावर पैसे मिळत. घाई केली तर पोट भरे. 1975 मध्ये त्यांनी संप केला. मागणी होती ठरावीक पगाराची. वेतनाची पद्धत बदलली आणि गंभीर अपघात कमी झाले. माणसं तीच होती, करवतीही त्याच होत्या. फक्त घाईचं कारण गेलं.

आता आपल्याकडे या. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. माडा-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा फसवं असतं. वाकलेल्या खोडात ताण साठलेला असतो. कापताच ते पातं चिमटीत पकडतं किंवा फटकन उसळतं. अशा कामाला सावकाशपणा हवा. आणि आपण काम देतो ते बहुधा उक्तं : ‘झाडामागे किती घेणार?’ मग चपला घालून, शिडीवर उभा राहून, एका हातानं फांदी धरून कापणारा माणूस निष्काळजी आहे, की आपण ठरवलेल्या दराला प्रामाणिक आहे?

त्याचा निष्काळजीपणा मी नाकारत नाही. कर्ता पाच कारणांपैकी एक आहेच. पण बाकीच्यांतली एक-दोन आपल्या हातात असतात. पुढच्या वेळी कोणाला झाड तोडायला बोलवाल, तेव्हा दराआधी तीन गोष्टी विचारा : ब्रेक चालतो का, पायात बूट आहेत का, आणि घाई नसेल तर किती दिवस लागतील? तिसऱ्या उत्तराचे पैसे द्यायची तयारी ठेवा.

इथे थांबतो. आपले प्रश्न असतील तर अवश्य विचारा.