विंडोज, लिनक्स आणि औरंगपुऱ्यातला 'र'

आजोबांचं दुकान औरंगपुऱ्यात होतं. त्यांच्या आठवणी बाबांनी १९९८ मध्ये तिथल्याच एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतल्या. चाळीस पानं, एक फ्लॉपी, एक प्रिंटआऊट.

२००६ मध्ये मी उत्साहाच्या भरात उबुंटूची फुकट सीडी मागवली आणि विंडोज पुसून टाकलं. मोडेम चालेना, प्रिंटर रुसला. ते चाललं असतं हो, पण बाबांची फाईल उघडली तर आजोबांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला!

शिव्या अर्थातच लिनक्सला घातल्या. पण खरी गोम जुनी होती. त्या काळच्या बऱ्याच मराठी फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असत. फाईलमध्ये मराठी नसायचंच, मराठी असायचं फॉन्टमध्ये. आणि विंडोजबरोबर तो फॉन्टही मीच पुसला होता.

गंमत म्हणजे उपाय तयार होता. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ चं. युनिकोडही त्याच वर्षी आलं, आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली. पण विंडोज ९८ ला युनिकोड देवनागरी नीट जमत नव्हती. ती विंडोज २००० पासून आली. एक्सपीतही सेटिंगमध्ये जाऊन खूण करा, मग सीडी घाला, असे सोपस्कार होतेच. तोवर घरोघरी जुन्या फॉन्टांचे ढीग साठले.

शेवटी बाबांनीच प्रिंटआऊट समोर ठेवून सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाईप केलं. अर्धं लिनक्सवर, अर्धं ऑफिसातल्या विंडोजवर. मग मी 'औरंगपुऱ्यात' शोधलं, तर निम्मेच सापडले! कारण हा 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या 'ऱ' ने, किंवा साध्या 'र' ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे.

असो. हिशेब मांडला तर मोडेम आठवड्यात चालला, नव्या मेन्यूंची सवय महिन्यात झाली. सिस्टिम बदलण्याचा खरा त्रास तो नव्हेच. आपलं लिहिलेलं आपल्याबरोबर येतं का, हा खरा प्रश्न.

तुमच्या घरीही अशा फायली असतील. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरांत चुका राहतात. त्या ओळखणारं माणूस घरात आहे, तोवर काम उरका.