फुली मारलेली तारीख

लाल पेनाने मारलेली एक फुली मला अजून सलते. २००४ साली मी हायस्कूलमध्ये सातवीला इतिहास शिकवत होतो. वर्गात अठ्ठावन्न मुले, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जात. शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष एका मुलाने १६२७ लिहिले. मी शून्य दिले. दुसऱ्या दिवशी तो आजोबांचे जुने पुस्तक घेऊन आला. त्यात वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ असे छापलेले होते. वर्गात गलका उसळला. मी डस्टर आपटला आणि म्हणालो, "पाठ्यपुस्तकात आहे तेच बरोबर. खाली बस." वर्ग शांत झाला. त्या मुलाने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही.

पुढे महाविद्यालयात आलो. तिथे दुखणे उलटे. पटावर सत्तर, समोर बारा, आणि बाराही गप्प. "सर, हे परीक्षेला आहे का?" याखेरीज प्रश्न नाही. ही शांतता आमच्यासारख्यांच्या डस्टरनेच तयार केली होती, हे उमगायला मला दोन वर्षे लागली.

मग मी तोच एका गुणाचा प्रश्न द्वितीय वर्षाच्या वर्गात काढला. उत्तर न सांगता फक्त पुरावे ठेवले. एकीकडे उत्तरकालीन बखरींतून चालत आलेले शके १५४९. दुसरीकडे जेधे शकावली. कारीच्या जेधे घराण्यातली ही नोंद लोकमान्य टिळकांनी मिळवली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ती प्रसिद्ध झाली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, जागा शिवनेरी. तिसरा साक्षीदार कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत', महाराजांच्या हयातीतले. परमानंद शक आकड्यांत देत नाही. पृथ्वी, बाण, प्राण आणि चंद्र असे शब्द योजतो. एक, पाच, पाच, एक. असे शब्दांक उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात, पण इथे कुठूनही वाचा, १५५१च! त्या दिवशी शेवटच्या बाकावरचा एक जण पहिल्यांदा हसला.

१९६६ साली शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीतही या तिथीवर एकमत झाले नव्हते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने स्वीकारली ती या शतकाच्या आरंभी. म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्याच्या आजोबांचे पुस्तक खोटे नव्हते. ते जुने होते. त्याला गुण देता आला नसता, हे मला आजही मान्य आहे. पण पुस्तक उघडून वाचायला दहा मिनिटे देता आली असती.

गेल्या वर्षी तोच कागद एका हायस्कूलच्या नववीत नेला. नियम एकच ठेवला: बोलायचे तर कागदावरच्या ओळीवर बोट ठेवून बोलायचे. गोंगाट झाला, पण दिशाहीन नव्हता. शकात ७८ मिळवून एका मुलीने १६२९ काढले आणि पुस्तक चुकले असे जाहीर केले. तिच्या शेजारणीनेच तिला अडवले. फाल्गुन म्हणजे शकाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते, म्हणून ७९. मला खडू उचलावा लागला नाही. गडबड ऐकून मुख्याध्यापक मात्र दारात येऊन उभे राहिले होते.

महाविद्यालयात हाच धडा आणखी एक पायरी पुढे जातो. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी नवी ग्रेगोरियन गणना १५८३ मध्येच स्वीकारली होती. त्यांच्या दप्तरात तो दिवस १ मार्च १६३०. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे, तेव्हा त्यांच्या लेखी तो १९ फेब्रुवारी १६२९. वार तिघांचाही शुक्रवारच.

हे फळ्यावर मांडल्यावर यंदा पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "मग सर, पेपरात यांतले एखादे लिहिले तर गुण द्याल?"

घंटा झाली होती. कोणी उठले नाही, आणि मीही खुर्ची ओढून बसलो.