माशांच्या तहावरची सही

२ मार्च १९२३ रोजीं वॉशिंग्टन येथें एका तहावर सह्या झाल्या. तहाचा विषय होता हॅलिबट नांवाचा मासा! उत्तर पॅसिफिकमधील हा मासा बेसुमार पकडीनें कमी होऊं लागला होता; म्हणून हिंवाळ्यांत तीन महिने त्याची मासेमारी बंद ठेवावी, असें कॅनडा व अमेरिका यांनीं ठरविलें. वाद माजला तो सहीवरून. कॅनडाच्या तहावर ब्रिटिश राजदूताची सही असावी, हा शिरस्ता. पंतप्रधान मॅकेंझी किंग यांनीं तो मोडला, आणि कॅनडातर्फे त्यांचे मत्स्यखात्याचे मंत्री अर्नेस्ट लापॉइंट यांनीं एकट्यानेंच सही केली.

हा हट्ट क्षुल्लक नव्हता. १८६७ सालीं कॅनडाचें संघराज्य झालें, घरचा कारभार घरच्या हातीं आला. परंतु परराष्ट्रांशीं बोलण्याचा अधिकार लंडनकडेच राहिला. १९१४ सालीं ब्रिटननें युद्ध पुकारतांच कॅनडाही आपोआप युद्धांत ओढला गेला. त्या युद्धांत साठ हजारांवर कॅनेडियन कामास आले. पुढें व्हर्सायच्या तहावर कॅनडाची निराळी सही झाली खरी, पण ती ब्रिटिश साम्राज्याच्या नांवाखालीं. त्याच तहावर परतंत्र हिंदुस्थानचीही सही होती. यावरून त्या मानाची किंमत ओळखावी.

खरी कसोटी लागली ती १९२२ च्या सप्टेंबरांत. चानाक येथें तुर्कांशीं युद्धाचा प्रसंग उभा राहिला व लंडननें वसाहतींकडे फौज मागितली. किंग यांस ही मागणी प्रथम कळली ती सरकारी तारेनें नव्हे, तर वर्तमानपत्राच्या बातमीदाराकडून! त्यांनीं नकार दिला नाहीं. पार्लमेंट काय तें ठरवील, एवढेंच कळविलें. हें उत्तर कोणास भित्रेपणाचें वाटेल. मला तसें वाटत नाहीं. १९१७ च्या सक्तीच्या लष्करभरतीनें फ्रेंच व इंग्रज प्रजेंत पडलेली फूट ते विसरले नव्हते. दुसऱ्याच्या हुकुमावरून पुन्हां युद्धांत उतरणें म्हणजे देश दुभंगणें होतें. माशांच्या तहावरील ती सही यानंतर सहाच महिन्यांनीं झाली.

पुढील वाट सोपी झाली. १९२६ च्या साम्राज्य परिषदेनें स्वायत्त वसाहतींचा दर्जा ब्रिटनच्या बरोबरीचा मानला. १९२७ सालीं व्हिन्सेंट मॅसी कॅनडाचे वकील म्हणून वॉशिंग्टनला गेले. १९३१ सालीं वेस्टमिन्स्टरचा कायदा झाला.

३ सप्टेंबर १९३९ रोजीं ब्रिटननें जर्मनीशीं युद्ध पुकारलें. कॅनडानें मात्र पार्लमेंट बोलावलें, चर्चा केली आणि १० सप्टेंबरला युद्ध पुकारलें. मधल्या आठवड्यांत अमेरिकेनें कॅनडास तटस्थ राष्ट्र मानलें, आणि लढणाऱ्या राष्ट्रांना घातलेली शस्त्रबंदी त्याला लागू केली नाहीं.