नॉक सेन्सर बिघडल्यास…

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरमध्ये क्रमाक्रमाने पसरणे अपेक्षित असते. ती पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाब व उष्णतेमुळे आपोआप भडकले, तर धातूवर हातोडी मारल्यासारखा टकटक आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ते तीव्र असल्यास पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केट यांची हानी होते.

हा धोका टाळण्यासाठी इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. त्यातील पिझोइलेक्ट्रिक घटक कंपनांचे विद्युत संकेतांत रूपांतर करतो. संकेत मिळताच इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठिणगीची वेळ काही अंशांनी मागे नेतो.

सेन्सर निकामी झाला, की ईसीयूला नॉकिंगची चाहूल लागत नाही. मग खबरदारी म्हणून बहुतेक गाड्यांत ठिणगी सतत उशिराच पाडली जाते. परिणामी ‘चेक इंजिन’ दिवा लागतो, पिकअप मंदावतो, घाटात गाडी दमते आणि अ‍ॅव्हरेज घटते.

स्कॅनर जोडल्यास पी०३२५, पी०३२७ किंवा पी०३२८ असा कोड दिसू शकतो. हा कोड सेन्सरच्या विद्युत मंडलातील दोष दाखवतो; दोष सेन्सरमध्येच आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यामुळे नवा भाग विकत घेण्यापूर्वी कप्लर सैल वा गंजलेला नाही ना, उंदरांनी वायर कुरतडलेली नाही ना, हे तपासून घ्यावे.

सेन्सर बदलताना बसवण्याची जागा स्वच्छ हवी. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावा; अनेक गाड्यांत हे प्रमाण सुमारे २० न्यूटन-मीटर असते, तरी आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतील आकडाच पाळावा. बोल्ट कमी-अधिक आवळल्यास संकेत चुकीचे मिळतात. काही इंजिनांत सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखाली असल्याने मजुरी वाढते. तिचा अंदाज आधीच घ्यावा.

केवळ कोड पुसून टाकणे हा उपाय नव्हे. सेन्सरऐवजी रेझिस्टर जोडणे तर अधिक घातक. त्याने दिवा विझू शकतो. पण सारे आलबेल समजून ईसीयू ठिणगीची वेळ पुढे नेतो आणि खरे नॉकिंग नजरेआड राहते. अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलने नॉकिंगची शक्यता कमी होते, सेन्सर मात्र दुरुस्त होत नाही.

दुरुस्तीपर्यंत गाडी हळू चालवावी, जादा भार टाळावा आणि चढावर वेळीच खालचा गिअर टाकावा. टकटक स्पष्ट ऐकू येत असेल किंवा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी पुढे न दामटता सुरक्षित जागी थांबवणेच श्रेयस्कर. सेन्सरच्या खर्चात इंजिनाची दुरुस्ती होत नाही.